कोरडे तांदूळ

बालाघाटला आमच्या घरी सोनं धानाच्या कोठीत ठेवत असत. माती आणि भुसा कालवून बनवलेली ती कोठी मधल्या खोलीत उभी होती, माझ्या खांद्याहून उंच. तळाशी मुठीएवढं भोक आणि त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा ओढला की धान सळसळत सुपात पडायचं. वरून मात्र झाकण उचलून हात घालावा लागे, आणि आईचा हात दंडापर्यंत आत गेला की मग तिच्या बोटांना तो पितळी डबा लागे. डब्यात आईच्या दोन पाटल्या, एक गोफ आणि आत्याबाईंची जुनी एकदाणी. लग्नसराईत डबा काढला की धानाच्या कुसानं आईच्या उजव्या हातावर लाल पुरळ उठे आणि ती मांडवात बसल्या बसल्या हात खाजवत राही. तिच्या शेजारी बसलेल्या, नटलेल्या बायकाही खाजवत. मी बोलत नसे, त्यामुळे मला पुष्कळ दिसे. हेही दिसत होतं. त्याचा अर्थ लावायचं मात्र सुचलं नाही.

बाबा सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. चुना, विटा, लोखंड यांच्यात दिवस जाई आणि घरी आल्यावरही त्यांची नजर भिंतींवरून फिरत राही. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तरी आधी चौकट ठोकून पाहत. घरी आई, बाबांची थोरली बहीण म्हणजे आमच्या आत्याबाई, माझ्याहून पाच वर्षांनी लहान सुरेश, आणि भांडी-धुणी-झाडलोट करणारी सुकवारो. आत्याबाईंचं सासर लांजीचं. नवरा गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या त्या राहिल्याच. सकाळी राईस मिलचा भोंगा आणि छोट्या रेल्वेगाडीची शिटी यांच्यामध्ये त्यांचा आवाज असे. जेवायला भात, लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी, आणि भात जरा मऊ झाला तरी आत्याबाई म्हणत, "हा भात व्हय का खळ व्हय?" शाळेत मला इंग्रजी बोलावं लागे, गल्लीत हिंदी, घरात मराठी. तिन्हींत मी गप्पच असे. मिशनच्या शाळेत मला घातलं ते बाबांच्या साहेबांच्या मुली तिथं जात म्हणून. पण तिथून मी पहिला नंबर घेऊन घरी आले की तो कुठं ठेवावा हे कुणालाच कळत नसे.

शाळेतल्या एका सिस्टरनं मला जबलपूरच्या कॉलेजचा फॉर्म आणून दिला. हॉस्टेलमध्ये जागा मिळवून देते, म्हणाली. मी तो फॉर्म तीन दिवस दप्तरात ठेवला आणि चौथ्या दिवशी बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी डाव्या हातानं उलटसुलट करून पाहिला. "पाहू," म्हणाले. "सध्या हात तंग आहे." आत्याबाई पाटावरून म्हणाल्या, "जबलपूरले जाऊन काय करन ही? घरात तोंड उघडत नाही, तिथं कोनाले पत्ता तरी विचारन का?" सुरेश हसला. मीही हसले, कारण हसलं नाही तर त्या आणखी बोलत. पण बाबांनी "नाही" म्हटलं नव्हतं. त्या 'पाहू'वर मी सगळा हिवाळा काढला. आज मागं वळून पाहताना वाटतं, माझ्या आयुष्यात मी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती. शेवटचीही म्हणता येईल.

परीक्षा सुरू असताना लांजीला आत्याबाईंच्या दिरांची तेरवी आली. सगळे दोन दिवसांसाठी गेले. माझे पेपर असल्यामुळे मी मागं राहिले आणि सोबतीला सुकवारो झोपायला आली. तेरवीला कुणी सोनं घालून जात नाही, म्हणून डबा कोठीतच राहिला. किल्ली माझ्याकडे. पेपरला जाताना मी समोरच्या दाराला मोठं कुलूप लावत होते, तीनदा ओढून पाहत होते आणि किल्ली परकराच्या नाडीला बांधत होते. परसदाराला आतून अडसर असे. दोन्ही दिवस परत आल्यावर कुलूप जसंच्या तसं होतं, अडसर जसाच्या तसा. लांजीहून परतल्यावर बाबांनी सवयीप्रमाणे घराभोवती एक फेरी मारली, मधल्या खोलीच्या छपरावरची तीन-चार कवेलं सरकलेली पाहिली आणि म्हणाले, "माकडं." शिडी लावून त्यांनी ती स्वतः सारखी केली. माकडं आमच्याकडे नेहमीच येत. त्या शब्दानंतर कुणी वर पाहिलंच नाही.

तीन आठवड्यांनी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, एका लग्नासाठी आईनं कोठीत हात घातला. आधी खांदा वाकडा करून, मग पाटावर चढून. मग ती नुसती उभी राहिली. बाबांनी बोळा ओढला आणि सगळी कोठी अंगणात रिकामी केली. घरातल्या सगळ्या सतरंज्या, चादरी अंगणात पसरल्या होत्या आणि त्यावर गुडघाभर धान. चिमण्यांची झुंबड उडाली. आई, आत्याबाई, सुकवारो आणि मी, चौघी त्या धानात हातांनी चाळत बसलो होतो. संध्याकाळपर्यंत आम्हा चौघींचे हात लाल झाले. डबा नव्हता. घरात एक कपडा विस्कटलेला नव्हता, एक भांडं हललेलं नव्हतं. हवालदार आला, त्यानं कुलूप पाहिलं, भिंती पाहिल्या आणि चहा पीत म्हणाला, "ताला टूटा नहीं, दीवार फूटी नहीं. माल कहाँ रखा है ये घरवालों के सिवा किसको मालूम? ये घर का ही मामला है, साहब."

दुसऱ्या दिवशी सुकवारोला कोतवालीत नेलं. ती दिवसभर तिथं होती. संध्याकाळी आली तेव्हा तिचा डावा गाल सुजलेला होता आणि ती भांडी घासायला बसली. मला तिची कीव आली असं मी इथं लिहू शकते, आणि ते खोटं नाही. पण त्याहून खरं असं की मला हायसं वाटलं. कुणीतरी ठरलं होतं. तीच असावी असं मला मनातून वाटत होतं. तिनं कबूल करून टाकावं आणि घर पुन्हा पहिल्यासारखं व्हावं. फॉर्म अजून बाबांच्या कपाटात होता.

गुनियाला बोलवायचं आत्याबाईंनी काढलं. ताप उतरवणारा, हरवलेली गुरं सांगणारा, चोर ओळखणारा असा एक म्हातारा परसवाड्याकडच्या गावात राहत असे. "तो तांदूळ देते," आत्याबाई म्हणाल्या. "मंतरलेले. सगळ्याईनं चावाचे. ज्याच्या मनात पाप, त्याच्या तोंडी तांदूळ कोरडेच राह्यते. पोलीस खोटं बोलन, तांदूळ नाही बोलत." बाबांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पूल बांधणारा माणूस. पण आई चार दिवस जेवली नव्हती. "करून पाहायला काय जातं," ते म्हणाले, आणि रविवारी सकाळी गुनिया आला.

अंगण सारवलेलं होतं. तुळशीजवळ गुनिया बसला, समोर पळसाची पानं मांडली. घरातल्या बाईमाणसांचे हात कोठीत जातात, म्हणून बाईमाणसांनीच बसायचं असं ठरलं, सुरेशला आत्याबाईंनी आत पाठवलं, "पोट्ट्याचं काय काम हाये?" ओळीनं आम्ही बसलो: आई, आत्याबाई, मी, सुकवारो. कुंपणापलीकडून शेजारच्या चार-पाच बायका पाहत होत्या. माझ्यावर इतके डोळे कधीच खिळले नव्हते. शाळेत कविता म्हणायला उभी केली तरी माझी जीभ टाळूला चिकटत असे. सिस्टर पाणी द्यायची. इथं पाणी प्यायला मनाई होती. गुनियानं तांदळावर काहीतरी पुटपुटलं, आणि मग आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "जिसका मन साफ, उसका चावल गीला." प्रत्येकीच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ. मी चावायला लागले. दातांखाली वाळू चावल्यासारखा आवाज माझा मलाच ऐकू येत होता. मी जीभ फिरवली, गाल आत ओढले, आंबट चिंच आठवून पाहिली. काही नाही. तोंड जणू माझं नव्हतंच.

आईनं पानावर थुंकलं: पांढरा लगदा. आत्याबाईंचा लगदा. सुकवारोचा तर इतका ओला की पानावरून ओघळला. माझ्या पानावर तांदळाचे तुकडे पडले, कोरडे, खडखडीत, फुंकर मारली तर उडून जातील असे.

गुनियाचं मला अजून कौतुक वाटतं. तोच त्या अंगणात सर्वांत शहाणा माणूस होता. मालकाची मुलगी आहे हे त्यानं क्षणात ओळखलं, माझं पान झटकन दुमडलं, आणि चोर दक्षिणेकडचा आहे, बुटका आहे, अंगावर तीळ आहे असं काहीबाही सांगून तो उठला. पण पान सगळ्यांनी पाहिलं होतं. कुंपणापलीकडची एक बाई "अगं बाई" म्हणाली, तेवढंच.

दुपारी मी बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. शरीरशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं मी मनात मराठीत जुळवून ठेवलं होतं. "बाबा," मी म्हणाले, "माणूस घाबरला की तोंडाला पाणी सुटत नाही. तोंड कोरडं पडतं. ते पुस्तकात आहे."

बाबांनी चष्मा काढला. आवाज चढला नव्हता. "पण तू घाबरलीस काहून?"

मी लहानपणापासून घाबरतच होते, हे त्यांना सतरा वर्षांत दिसलं नसेल तर त्या दुपारी काय सांगणार? मी उभी राहिले. माझं उभं राहणं हेच त्यांनी उत्तर धरलं असावं.

रात्री जेवणानंतर आत्याबाईंचं बोलणं भिंतीतून ऐकू आलं. "मी तसं म्हनत नाही, पन तूच इचार कर. किल्ली कोनाजवळ होती? जबलपूरचं भूत कोनाच्या डोक्यात हाये? तुया हात तंग म्हनून तिनं आपला मोकळा करून घेतला. शिकलेली पोरगी हाये, बाप्पा." आई म्हणाली, "वन्सं, हळू बोला." हळू बोला, एवढंच. मी किती तरी वेळ वाट पाहिली.

मला कुणी चोर म्हटलं नाही. ते लक्षात ठेवलं पाहिजे. म्हटलं असतं तर मी नाही म्हणू शकले असते. त्याऐवजी घराचा बंदोबस्त सुरू झाला. बाबांनी सुट्टी टाकली आणि दोन माणसं लावून घराला हात घातला. परसाची भिंत दोन हात वाढवली, तिच्या माथ्यावर चुन्यात बाटल्यांच्या काचा रोवल्या. खिडक्यांना बोटभर जाडीचे गज. समोरच्या दाराला आतून आडवा लोखंडी दांडा. नागपूरहून लोखंडी तिजोरी आली, सहा माणसांनी मधल्या खोलीत उतरवली, आणि तिची किल्ली बाबांच्या करगोट्याला गेली. गल्लीतले लोक पाहायला येत आणि म्हणत, "ओव्हरसियर साहब ने तो किला बना दिया." बाबांना ते आवडे. ते प्रत्येकाला दांडा सरकवून दाखवत. मग एके दिवशी मधली खोली आणि माझी खोली यांच्यामधल्या दाराला नवी कडी बसली. मी ओव्हरसियरची मुलगी होते. कडी कुठल्या बाजूला बसवतात आणि कशासाठी, हे मला कुणी शिकवायला नको होतं. ती मधल्या खोलीच्या बाजूनं बसवली होती. रोज निजानीज झाली की ती लागत असे, फार आवाज न करता, माझी झोप मोडू नये अशा बेतानं.

आता मी नागपूरला दुसऱ्या मजल्यावर राहते. मुलानं दाराला कॅमेरा बसवून दिला. बसवायला आलेल्या माणसानं फार अदबीनं विचारलं, "मॅडम, एक आतमध्ये पण लावू का? सगळे लावून घेतात. कामवाली वगैरे." मी नको म्हणाले. त्याला वाटलं, म्हातारी खर्चाला भिते.

त्या दिवसांत सुकवारो एकटीच माझ्याशी पूर्वीसारखी बोलत होती, मला नोनी, म्हणजे पोरी, म्हणत होती. एकदा विहिरीवर मी तिच्याजवळ बसले होते, तेव्हा तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "नोनी, तूने नहीं किया. मैं जानती हूँ."

"कसं?"

"जिसने किया होता वो मुँह का बंदोबस्त करके बैठता." तिनं गालात जीभ फिरवून दाखवली. "मेरे मुँह में तमाखू थी, पगली. गाल में दबा के बैठी थी. हमको तो हर साल किसी न किसी के घर चावल चबाना पड़ता है. बर्तन माँजने से पहले वही सीखते हैं." आणि ती हसली, सूज उतरलेला गाल हलवत. "तेरे को कोई सिखाया नहीं. तेरे को ज़रूरत नहीं पड़ी थी ना."

निकाल लागला, मी पहिल्या वर्गात आले. सिस्टर स्वतः घरी आली. हॉस्टेलची जागा जुलैअखेरपर्यंत राखून ठेवायला सांगितलं आहे, असं तिनं बाबांना इंग्रजीत सांगितलं. बाबांनी तिला खुर्ची दिली, सरबत दिलं, नवा दांडा दाखवला. ती गेल्यावर मला म्हणाले, "बाहेर ठेवायचं म्हणजे भरवसा पाहिजे." कुणाचा कुणावर, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वैशाखात तुमसरच्या एका शाळामास्तरांशी माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. त्याला बडबडी बायको हवी होती, एवढंच. मी घरी बसून बी.ए. केलं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुस्तक ठेवून, आणि ते प्रमाणपत्र माहेरी दाखवायलाही नेलं नाही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी सुरेशचं लग्न निघालं. आत्याबाई तोवर गेल्या होत्या. मी माझ्या मुलीला घेऊन बालाघाटला गेले. लग्नाच्या आदल्या सकाळी आईनं बाबांकडून किल्ली मागून घेतली, तिजोरी उघडली, आणि नव्या सुनेसाठी काढलेले दागिने ताटात मांडायला लागली. नवं मंगळसूत्र, कानातलं, आणि दोन पाटल्या. एका पाटलीला कडेला चेप होता. मी लहान असताना ती पाट्यावर आपटली होती; माझ्यामुळेच. मी ती उचलली आणि चेपावरून बोट फिरवलं.

"आई, ह्या..."

"हौ, त्याच," आई म्हणाली. "गोफ नाही मिळाला. एकदाणीही आटवली मेल्यानं. ह्या तेवढ्या सापडल्या."

"कधी?"

"गोंदियाला धरला ना तो चोर. कवेलं काढून उतरायचा आणि जाताना जशीच्या तशी ठेवायचा. आपल्याकडे घाईत तीन-चार सरकलेली राहिली." ती ताट पुसत होती. बोलताना तिचा हात थांबला नाही. "पोलिसांनी विचारलं, तुला घरात कुणी सांगितलं? तर म्हणाला, सांगायचं काय त्यात, या मुलखात सगळेच कोठीत ठेवतात. लग्नात बायका हात खाजवत बसतात ते दिसत नाही का? चौदा घरं केली म्हणे त्यानं. उतरला की सरळ कोठीत हात."

मी पुन्हा विचारलं, "कधी, आई?"

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्याच पावसाळ्यात. आखाडीच्या आधी."

आखाडी, म्हणजे आषाढी पौर्णिमा, त्या वर्षी जुलैच्या मध्यावर होती. सिस्टरनं राखलेली जागा तेव्हा रिकामी होती. पुढं थोडेच दिवस होते, पण होते.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"तुझे बाबा म्हणाले, आता कशाला. सांगितलं की ती पुन्हा जबलपूर काढील." मग जरा थांबून, माझी समजूत घालावी तशी, "वन्संनाही नाही सांगितलं, माय. कुणालाच नाही."

बाबा ओसरीवर बसले होते, मांडववाल्याला खांब कुठं रोवायचे ते काठीनं दाखवत. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. पाटली माझ्या हातातच होती. त्यांनी ती पाहिली, मग मला पाहिलं, आणि मांडववाल्याला म्हणाले, "जा, जेवून ये." तो गेल्यावर ते काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत राहिले. गप्प बसणं मी त्यांच्याकडूनच घेतलं असावं.

"कडीसुद्धा काढली नाहीत, बाबा," मी म्हणाले. त्या वर्षीच्या आखाडीपासून माझ्या लग्नापर्यंत, चोर कोण ते माहीत असूनही, ती रोज लागत होती.

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "आता चांगलं झालं ना तुझं?" ते म्हणाले. "नवरा चांगला, मुलगी आहे, घर आहे. झालं ना चांगलं?" विचारताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, पण उत्तराची वाट पाहत होते. त्यांच्या आवाजात काहीतरी मागणं होतं, आणि बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

"हौ," मी म्हणाले. आत जाऊन पाटली ताटात ठेवली आणि सुरेशच्या हळदीची तयारी करायला लागले.

बाबा त्यानंतर चार वर्षांनी गेले. तो 'हौ' ऐकून त्यांना बरं वाटलं असेल. सुरेशच्या लग्नात दुसऱ्या दिवशी ते चार लोकांत माझ्याबद्दल कौतुकानं बोलत होते, आमची बेबी घरी बसून बी.ए. झाली, असं. पण ओसरीवर मी खोटं बोलले होते. नाही बाबा, झालं नाही चांगलं.